रेघ

चिमठाणं मागे पडलं तेव्हा
गाडी जरा उजवीकडे ओढू लागली.
मी म्हटलं, वारा असेल.
माघात इकडे वाऱ्याचा नेम नसतो,
हरभऱ्याची आंब घेऊन कुठूनही आडवा येतो.
खांदा डावीकडे टाकला, चालवत राहिले.

मागे एक टेम्पो.
मिरच्यांनी ताडपत्री फुगलेली,
आणि हॉर्न. थांबेचना.
बारा वर्षं एकटी गाडी चालवते मी,
हे हॉर्न मला पाठ आहेत:
आधी आवाज, मग शेजारी येणं, मग खिडकीतून दात.
गिअर टाकला. ऐंशी. पंच्याऐंशी.
आरशातला लाल ठिपका लहान होत गेला
आणि, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

दोंडाईचाच्या अलीकडे फाटक पडलेलं.
भुसावळकडची मालगाडी,
वाघिणी मोजत बसावं इतकी लांब.
एकोणचाळिसाव्या वाघिणीला
टेम्पो शेजारी येऊन थांबला.
मी हेल्मेटची काच वर केली नाही.

वीस-बावीसचा पोरगा उतरला,
भुवया मिरचीच्या धुळीने तांबूस,
आणि दोन्ही हातांत, भरला हंडा धरावा तसा,
माझा डावा डबा.

ॲल्युमिनियमचा. एक कोपरा चेपलेला.
कुलूप शाबूत.
दोन हजार रुपयांचं कुलूप, डब्याला धरून राहिलं,
गाडीला कोणी धरायचं हे त्याला सांगितलं नव्हतं.
"ताई, कवयपाईन हॉर्न मारी ऱ्हायनू ना," तो म्हणाला.
नाव विचारल्यावर म्हणाला, दिलवर पावरा,
आणि शिंकला.

पाने त्याच डब्यात होते.
दहा, बारा, तेरा नंबर, ॲलन की,
डबा घट्ट बसवायची सगळी हत्यारं
डब्यात कुलूपबंद.
दिलवर हसला नाही. मीच हसले, उशिरा.

त्यानेच नेलं हिलाल मिस्तरीकडे.
वेल्डिंगचं दुकान मिरचीच्या पथारीला लागून,
तिथे गिऱ्हाईक आधी शिंकतं, मग बोलतं.
मिस्तरीने पडलेल्या डब्याकडे पाहिलंच नाही.
न पडलेल्या डब्यापाशी उकिडवा बसला,
रॅकला टिचकी मारली, कान लावला.
"हाऊ बी निंघना व्हता.
एक पडना म्हनीसन तरी थांबनी तू."

ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापल्या,
लोखंड लोखंडाला लागू द्यायचं नाही, रात्रंदिवस भांडतं.
कंपनीचे नट डब्यात टाकले, दुसऱ्या डब्यात, भंगाराच्या.
नायलॉनचे लावले. वरून ट्यूबचाच एक पट्टा:
बोल्ट हरला तर डबा लोंबकळेल,
लोंबकळताना आवाज करेल.
किती कसायचं, मी विचारलं.
"पाना कन्हाले लागना का थांबानं.
त्यानाफुडे आटा मरतस."

मग खिशातून लेकीची नेलपॉलिश काढली,
लाल, अर्धी सुकलेली,
आणि एकेका नटावरून बोल्टावर
बारीक रेघ ओढली. श्वास रोखून,
एवढ्या जाड बोटांनी.
रेघ तुटली की नट सरकला.
चहाला थांबशील तिथे बघायचं,
चहा यायच्या आधी.

दिलवर कधी निघून गेला कळलं नाही.
त्याला सॉरी म्हणायचं राहिलं.

नंदुरबारच्या टपरीवर
मी गाडीमागे वाकून बसले.
दोन म्हातारे बघत होते,
बाई काय वाचतेय म्हणून.
आठ रेघा. आठही सरळ.

प्रकाशाच्या पुढे, तापीचा पूल ओलांडल्यावर,
पुन्हा हॉर्न. पिकअप. लांबलचक.
मी वेग कमी केला, कडेला घेतली, काच वर केली.
पिकअपवाला शेजारून गेला,
खिडकीतून दात दाखवत, शीळ घालत.

मी उतरून आधी रेघा पाहिल्या.
मग शिवी दिली.